शेगडी, बंब आणि नानांची खोली: थंडीच्या आधी काय बदलावं?

वाचकाचं पत्र:

भाऊ नमस्कार. आम्ही साक्री तालुक्यात पिंपळनेरकडे राहतो. घर जुनं धाब्याचं, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत असलेलं आहे, मागे दोन खोल्या स्लॅबच्या वाढवल्यात. घरात सहा माणसं. अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब आहे, त्यात कपाशीच्या काड्या नाहीतर बाभळीचं लाकूड घालतो. बंब न्हाणीजवळ पडवीत आहे त्यामुळे धूर घरात येतो. थंडीत सासू-सासरे रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात आणि दार लावून झोपतात. सासूबाईंना दमा आहे, सकाळी उठल्यावर डोकं जड झालंय म्हणतात, पण नाना ऐकत नाहीत, म्हणतात शेगडीबिगर झोप लागत नही. माझे दीर कॅनडाला असतात, त्यांनी घरातल्या फायरप्लेसचा जुना इन्सर्ट काढून हीट पंप बसवला. ते म्हणतात तुम्ही पण तसंच एक मशीन बसवा, सगळं होऊन जाईल. इथला वायरमन म्हणतो हीटर घ्या, आमचे मिस्टर म्हणतात गॅस गिझर घ्या. बजेट पन्नास-साठ हजार आहे. नक्की काय करावं? आणि बंब मोडीत देऊन टाकू का?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात, सासूबाईंचं सकाळी डोकं जड होतं ही. सोलर, हीटर, गिझर सगळं बोलू आपण, पण आधी हे. शेगडी आज रात्रीपासून त्या खोलीत जाऊ देऊ नका. उद्यापासून नाही, नवीन मशीन आल्यावर नाही, आजच.

कोळसा लाल झाला, धूर बंद झाला की आपल्या घरात सगळ्यांना वाटतं आता शेगडी आत न्यायला हरकत नाही, आणि खरा धोका तिथूनच आहे. निखारे धुमसत असतात तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही, म्हणजे माणसाला जागं करणारं त्याच्यात काहीच नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटीहून जास्त घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे हवेत तो थोडासा असला तरी तासातासाने रक्तात साठत जातो. सुरुवातीला डोकं दुखतं, जड वाटतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, आणि झोपेतला माणूस यातलं काहीच न कळता बेशुद्धीत जाऊ शकतो. दार-खिडकी लावलेली खोली, आत शेगडी आणि झोपलेली दोन म्हातारी माणसं, त्यातल्या एकीला दमा. मला हे वाचूनच काळजी वाटली.

सासूबाईंना या आठवड्यात डॉक्टरकडे न्या आणि खोलीत शेगडी असते हे तोंडाने सांगा, कारण डॉक्टर विचारतीलच असं नाही. आणि एक, कोरोनाच्या वेळी घरोघरी बोटाला लावायची ऑक्सिमीटर आली, ती लावून ९८ आलं म्हणून निर्धास्त राहू नका. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं रक्त आणि कार्बन मोनॉक्साईड धरलेलं रक्त वेगळं ओळखता येत नाही, तो दोन्हीला चांगलंच म्हणतो. कधी रात्री कोणी दचकून उठलं आणि डोकं गरगरतंय, उलटीसारखं होतंय म्हणालं तर आधी दार उघडून माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणायचं आणि तसंच दवाखान्यात न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही.

नानांशी वाद घालून काही होणार नाही, मला वाटतं त्यांची शेगडी काढून घेण्यापेक्षा तिची जागा आणि वेळ बदला. संध्याकाळी ओट्यावर, उघड्यावर शेगडी पेटवा, त्यांना तासभर हातपाय शेकू द्या, गप्पा होऊ द्या, आणि झोपायच्या वेळेला शेगडी बाहेरच राहिली पाहिजे. अंथरुणात गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवा, आणि एक जाड गोधडी अंगाखाली घाला. आपण सगळी पांघरुणं वरून घालतो पण शहाबादी फरशीवर गादी असेल तर निम्मी थंडी खालून चढते. खाट असेल तर खालून गार हवा लागते म्हणून खाटेवर आधी सतरंजी, मग गादी. एवढ्याने चार-पाच दिवस निघतील, तोवर पुढचं करू.

आता दिराच्या सल्ल्याकडे येऊ, कारण तो चुकीचा नाही, फक्त त्यांच्या आणि तुमच्या घराची गरज वेगळी आहे. तिकडच्या फायरप्लेसमध्ये, म्हणजे भिंतीतल्या चिमणीच्या कोनाड्यात, उघडी आग असते आणि तिची गंमत म्हणजे ती खोली गरम करते त्यापेक्षा जास्त खोलीतलीच गरम झालेली हवा चिमणीतून वर ओढून नेते, लाकडातली जेमतेम दहावा हिस्सा उष्णता खोलीला मिळते. म्हणून त्या कोनाड्यात लोखंडाची बंद पेटी बसवतात, पुढे काचेचं दार, हवा मोजून आत सोडायची, त्याला इन्सर्ट म्हणतात, त्याने तेच लाकूड साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत उपयोगी पडतं. पण तरी लाकूड आणा, राख काढा, दर वर्षी चिमणी साफ करा हे आलंच, आणि पेटी जुनी होऊन दाराची सील गेली की ती पण गळायला लागते. म्हणून आता बरेच लोक ती काढून हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेचं मशीन, बसवतात आणि चिमणीचं तोंड नीट बंद करतात, नाहीतर नवीन मशीनची गरमी जुन्या चिमणीतून आभाळात जाते.

यातल्या दोन गोष्टी तुमच्या घराला जशाच्या तशा लागू आहेत. एक म्हणजे उघड्या आगीचा हिशोब, आपली साधी चूल पण दहा टक्क्यांच्या आसपासच उष्णता भांड्याला देते, बाकी धूर आणि भिंत. दुसरी म्हणजे ते तोंड बंद करणं. जुन्या धाब्याला धूर आणि उजेडासाठी झरोका असतो, नानांच्या खोलीत तसा असेल तर थंडीत रात्रभर तिथून गरम हवा वर जात असणार. पण क्रम लक्षात ठेवा ताई, क्रम चुकला तर जीवावर बेतेल: आधी आग खोलीतून कायमची बाहेर, मगच झरोका बंद, दाराखालची फट बंद, खिडकीला जाड पडदा. शेगडी आत असताना एकसुद्धा फट बुजवू नका.

लागू नाही ते हे, की कॅनडात पाच-सहा महिने रात्रंदिवस अख्खं घर गरम ठेवावं लागतं. आपल्याकडे धुळ्याला पारा पाच-सहापर्यंत उतरतो, वर सातपुड्यात तोरणमाळ, डाबकडे तर दव गोठतं, थंडी आहे हे खरंच आहे, पण दुपारी ऊन पडलं की आपण सावली शोधतो. कडाक्याच्या रात्री म्हणजे साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत, आणि गरज एका खोलीची, दोन माणसांची. आणि मे महिन्यात तेच घर पंचेचाळीसला तापतं. त्यामुळे तिकडची सिस्टीम इथे जशीच्या तशी आणली तर पैसे चुकीच्या जागी जातील.

माझं म्हणणं असं आहे की तुमच्या घरात खोली हा छोटा खर्च आहे आणि अंघोळीचं पाणी हा मोठा, आणि तुम्ही सगळे भांडताय खोलीवरून. हिशोब करून बघा. सहा माणसं, प्रत्येकी दीड बादली म्हणजे ३० लिटर, झालं १८० लिटर. थंडीत टाकीतलं पाणी १५ अंशाचं, अंघोळीला हवं ४०. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी, म्हणजे १८० गुणिले २५, साडेचार हजार. विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे सव्वापाच युनिट निव्वळ, गळती धरून रोजचे सहा. आणि गरम पाणी दिवाळीपासून होळीपर्यंत तर लागतंच, म्हणजे चार महिने, म्हाताऱ्यांना तर पावसाळ्यात पण लागतं. चार महिन्यांचे सातशेच्या वर युनिट झाले. त्याउलट नानांची खोली, बंद करून रात्री दोन तास आणि पहाटे एक तास हीटर लावला तर रोजचे चार-साडेचार युनिट, पन्नास रात्रींचे दोन-सव्वादोनशे. म्हणजे पाण्याला तिप्पट जास्त उष्णता लागते, आणि तीच तुम्ही रोज काड्या जाळून काढताय, तो धूर दम्याच्या माणसाच्या घरात सोडून.

म्हणून पहिला खर्च सोलर वॉटर हीटर. आपल्याकडे हिवाळ्यात आभाळ दिवसचे दिवस स्वच्छ असतं, ऊन हीच आपली खरी श्रीमंती आहे. तुमच्याच साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सोलर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे, ते लोक काही ऊन कमी म्हणून तिथे गेले नाहीत. तर घरापुरतं. सोलरच्या टाकीत पाणी ६० अंशापर्यंत तापतं, ते गार पाण्यात मिसळून वापरायचं, तर ४० अंशाच्या ३० लिटरमध्ये गरम पाणी १७ लिटरच लागतं, सहा जणांचं शंभर लिटर. म्हणजे शंभर लिटरचा पुरतो, पण काठावर, आणि कोणी पाहुणा आला, लेकीबाळी आल्या की शेवटच्याला गार पाणी. दीडशे लिटरचा घ्या. काचेच्या नळ्यांचा घ्या, ज्याला ईटीसी म्हणतात. सपाट तांब्याच्या पॅनलवालाही असतो, टिकायला चांगला, पण आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं, तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार धरला की काम थांबतं. काचेच्या नळ्या साफ करता येतात, फुटली तर एकच बदलता येते.

बसवताना तीन-चार गोष्टी स्वतः उभं राहून बघा कारण बसवणारे घाईत असतात. धाब्यावर बसवू देऊ नका, पाण्यासकट टाकी आणि स्टँडचं वजन दोनशे किलोच्या वर जातं आणि जुन्या सागवानी सरांवर म्हणजे छताच्या लाकडांवर, मातीवर ते एकाच जागी टेकवायला नको. मागच्या स्लॅबवर बसवा. तोंड दक्षिणेला, आणि डिसेंबरात दुपारी तीन-चारला तिथे कशाची सावली येते ते बघा, उन्हाळ्यात बघून उपयोग नाही कारण थंडीत सूर्य खूप खालून जातो, शेजारच्या निंबाची सावली तेव्हाच लांब पडते. तुम्हाला थंडीतच जास्त पाणी हवं म्हणून उतार जरा उभा ठेवायला सांगा, आपल्या भागात तीस-पस्तीस अंश. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच पाहिजे, नाहीतर पाणी चढणार नाही आणि बसवणारा म्हणेल पंप घ्या. आणि पाईप, गरम पाण्याचा पाईप न्हाणीपर्यंत जेवढा छोटा करता येईल तेवढा करा आणि त्याला फोमचं कव्हर घाला, पाऊण इंची दहा मीटर पाईपात तीन लिटर पाणी बसतं, ते रोज सकाळी गार होऊन बसलेलं असतं आणि ते आधी बादलीत येतं, मग घरातले म्हणतात सोलरचं पाणी गारच येतं.

सोलरमध्ये पाणी दिवसा तापतं आणि सकाळी वापरलं जातं, टाकीला जाड फोम असतो त्यामुळे रात्रीत थोडंच उतरतं. पण संध्याकाळी भांडी, कपडे, हातपाय करून टाकी रिकामी केली तर सकाळी काही शिल्लक नसणार, कारण गेलेल्या गरम पाण्याच्या जागी गार पाणी शिरतं. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. ढगाळ दिवसासाठी टाकीत इलेक्ट्रिक बॅकअप बसवता येतो, तो बसवा पण त्याचं बटण चालू ठेवून विसरू नका, वर्षातून मोजके दिवसच लागतो.

गॅस गिझरचं. तुमच्या मिस्टरांना सांगा की गिझर वाईट नाही पण न्हाणीच्या आत बसवायचा नाही, कधीच नाही. छोटी न्हाणी, बंद दार, आत गॅस जळतोय, म्हणजे शेगडीचाच प्रकार परत आला, तोच वायू, आणि दरवर्षी थंडीत अंघोळीला गेलेला माणूस बाहेर आला नाही अशा बातम्या आपण वाचतो. घ्यायचाच असेल तर बाहेर मोकळ्या भिंतीवर, फक्त पाण्याचा पाईप आत. पण सोलर बसवलं तर त्याची गरजच उरत नाही, मी तर तो विचार सोडून द्या असं म्हणेन.

आता नानांची खोली. ते कुठल्या खोलीत झोपतात हे तुम्ही लिहिलं नाही. स्लॅबच्या खोलीत झोपत असतील तर थंडीपुरतं त्यांना जुन्या धाब्याच्या खोलीत हलवा. मातीच्या जाड भिंती दिवसभराची ऊब धरून ठेवतात आणि रात्री हळूहळू सोडतात, स्लॅब आणि नऊ इंची वीट एवढी धरत नाही, पत्रा तर अजिबात नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी उगाच दीड-दोन फुटाच्या भिंती बांधल्या नव्हत्या. खाट बाहेरच्या, उत्तरेकडच्या भिंतीपासून लांब ठेवा.

गरमीसाठी पहिल्यांदा मी खोलीपेक्षा अंथरूण गरम करायला सांगेन. गादीवर घालायचं इलेक्ट्रिक ब्लँकेट मिळतं, शंभर वॉटच्या आसपास, रात्रभर चालू ठेवलं तरी एका युनिटच्या आत. झोपायच्या अर्धा तास आधी लावायचं आणि अंथरूण ऊबदार झालं की कमीवर नाहीतर बंद. आपोआप बंद होणारं घ्या, घडी घालून कधी वापरू नका, आणि नानांना शुगर असेल, पायाला बधिरपणा असेल तर रात्रभर चालू नको, कारण पायाला चटका बसला तरी कळत नाही. अंथरूण भिजायची शक्यता असेल तरी नको. हेच गरम पाण्याच्या पिशवीलाही लागू.

खोलीसाठी हीटर घ्यायचा तर तेल भरलेला रेडिएटर, पट्ट्यापट्ट्यांचा येतो तो. लाल कांड्यांचा हीटर समोर बसलेल्याला भाजतो आणि पाठ गार ठेवतो, गोधडी-धोतर लागलं तर पेट घेतो. पंख्याचा हीटर पटकन गरम करतो पण धूळ उडवतो, आवाज करतो, दम्याच्या माणसाला त्रास. तेलाचा सावकाश तापतो, बंद केल्यावर पण बराच वेळ ऊब देत राहतो, आणि त्यातून काही जळून हवेत जात नाही. आवश्यक तापमानाला आपोआप बंद-चालू होतो. झोपायच्या दोनेक तास आधी लावा, झोपताना बंद करा, पहाटे लावायचं काम तुम्ही करा. त्याच्यावर कपडे वाळत घालू नका, हे मुद्दाम सांगतो कारण थंडीत सगळे घालतात.

हे सगळे हीटर एका युनिटला एक युनिट उष्णता देतात, त्याच्या पलीकडे कुठलीच कंपनी नेऊ शकत नाही, मग पॅकेटवर काहीही लिहिलेलं असो. दिराचा हीट पंप तिथे वेगळा आहे, तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून उचलून आत आणतो, म्हणून एका युनिटला तीन युनिट किंवा त्याहून जास्त देतो. तिकडे बाहेर उणे वीस झालं की त्याची ताकद कमी होते, आपल्याकडे पाच-सहा अंशाला तो मजेत चालतो. आणि तो आपल्याकडे मिळतोच, फक्त दुकानात त्याला हॉट अँड कोल्ड एसी म्हणतात. तुम्ही उन्हाळ्यात एसी घ्यायच्या विचारात असाल, आणि मे महिन्यात खान्देशात म्हातारं माणूस घरात असताना तो विचार चुकीचा नाही, तर साधा कूलिंगवाला न घेता हॉट अँड कोल्डच घ्या, इन्व्हर्टरवाला. काही हजार जास्त लागतात पण एक मशीन दोन्ही ऋतूंना. साधा एसी उलटा फिरवून गरम करत नाही, नंतर त्यात काही बदल पण होत नाही, म्हणून घेतानाच विचारा. गरम हवा वर जाते म्हणून थंडीत त्याच्या पट्ट्या खाली वळवायच्या.

पण तो यंदाच्या बजेटमध्ये घालू नका. यंदा सोलर, ब्लँकेट, एक तेलाचा हीटर आणि वायरिंग, एवढं तुमच्या पैशात बसतं. एसी पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर बघा.

वायरिंग हे मी शेवटी लिहितोय म्हणून ते कमी महत्त्वाचं समजू नका. दोन हजार वॉटचा हीटर नऊ अँपिअर ओढतो. जुन्या घरातल्या साध्या पाच अँपिअरच्या बटणावर, एक्स्टेंशन बोर्ड लावून तो चालवला की बोर्ड वितळतो, आणि वर धाब्याला लाकूड आहे हे विसरू नका. त्या खोलीला मीटरपासून वेगळी जाड वायर, सोळा अँपिअरचं सॉकेट, स्वतःची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण) आणि खरं अर्थिंग, म्हणजे जमिनीत खड्डा करून केलेलं, नळाच्या पाईपाला बांधलेलं नव्हे. आणि घराला एक आरसीसीबी बसवून घ्या, तीस मिलीअँपिअरची, करंट कुठे माणसातून जायला लागला तर ती क्षणात तोडते. बादलीत टाकायचा हीटर रॉड घरात असेल तर तो आजच काढून टाका, लहान मुलांच्या घरात तो नकोच.

वायरमनला व्होल्टेज पण मोजायला सांगा, संध्याकाळी सातला आणि पहाटे. गावात शेवटच्या पोलावर घर असेल तर १८० पर्यंत उतरतं, आणि २३० ऐवजी १८० आलं की दोन हजार वॉटचा हीटर बाराशेच देतो. मग घरातले म्हणतात हीटर खराब आहे आणि अजून मोठा आणतात. बिलाचं म्हणाल तर आपल्याकडे महिन्याला शंभर युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर एकदम उडी मारतो, म्हणून पाणी उन्हावर आणि फक्त खोली विजेवर हा माझा आग्रह. पुढे मागे छतावर विजेचं सोलर पण घ्यायचं झालं तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे ३० हजार आणि तीन किलोवॉट किंवा त्याच्या वर जास्तीत जास्त ७८ हजार अनुदान आहे. एक किलोवॉट आपल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट देतो. म्हणून पाण्याचं सोलर बसवतानाच स्लॅबचा दक्षिणेकडचा भाग सगळा खाऊन टाकू नका, एका कडेला बसवा.

राहिला बंब. मोडीत देऊ नका. तांब्याचा बंब परत विकत घ्यायचा म्हटलं तर सहज होत नाही, आणि घरात लग्नकार्य निघालं, चार दिवस ढग राहिले, लाईट गेली की तोच उपयोगी पडतो. फक्त त्याला पडवीतून हलवून अंगणात, घराच्या भिंतीपासून लांब, वारा घराकडे येणार नाही अशा बाजूला ठेवा. चूल पण तिथेच राहू दे. खापराचे मांडे गॅसवर होत नाहीत आणि वांग्याचं भरीत काड्यांच्या जाळावर भाजल्याशिवाय ते भरीत नाही, हे मला कोणी सांगायची गरज नाही, आग बंद करा असं मी म्हणतच नाहीये, ती झोपायच्या खोलीतून आणि पडवीतून बाहेर काढा एवढंच म्हणतोय.

काड्यांवरून एक. तुमचा कपाशीच्या काड्यांचा ढीग घराजवळ उन्हाळाभर रचून ठेवलेला असेल. त्यातल्या न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच कपाशीवर येते, कृषी खातं दरवर्षी सांगतं की ढीग ठेवू नका, रोटाव्हेटर किंवा श्रेडरने बारीक करून जमिनीत गाडा. आतापर्यंत बंबाला जळण हवं म्हणून ते जमत नव्हतं. सोलर आल्यावर भरतापुरत्या तुरीच्या काड्या आणि थोडं बाभळीचं लाकूड ठेवलं तरी पुरतं, कपाशीचा ढीग तुम्ही फेब्रुवारीतच संपवू शकता. हे मिस्टरांना नक्की सांगा, मला वाटतं गिझरपेक्षा हा मुद्दा त्यांना लवकर पटेल.

कोटेशन घेतल्यावर मला परत लिहा, त्यात सोलरची टाकी किती लिटरची, नळ्या किती, गार पाण्याच्या टाकीची उंची किती आणि लाईट बिलावर मंजूर भार किती लिहिलाय एवढं कळवा. आणि सासूबाईंना डॉक्टर काय म्हणाले ते त्याच्या आधी.